आवाजाचा काटा खरा कशावरून?

दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची पहिली वेचणी घरात येते आणि विक्रीसाठी गाडी भरली जाते. आपल्या खानदेशातील शेतकरी अशा वेळी भावाची चौकशी तर करतोच, पण माल काट्यावर चढण्यापूर्वी तो काट्याकडे एकदा निरखून पाहतो. काटा रिकामा असताना शून्यावर आहे ना, त्यावर वैधमापन निरीक्षकाचा चालू मुदतीचा शिक्का आहे ना, एवढे पाहिल्याशिवाय त्याचे समाधान होत नाही. 'काटा मारला' हा शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात रुळला आहे, तो काही उगाच नव्हे. ज्या आकड्यावर आपले नफा-नुकसान ठरते, तो आकडा देणारे साधन आधी तपासून घ्यावे, हे शहाणपण बाजाराने आपल्याला शिकविले आहे.

आता आवाजही मोजला जातो. लग्नाची वरात, विसर्जनाची मिरवणूक, सभेचा भोंगा, गिरणीचे यंत्र, वीज गेल्यावर सुरू होणारा जनरेटर, ह्या सर्वांच्या आवाजाला कायद्याने मर्यादा घातली आहे आणि ती मर्यादा आकड्यांत आहे. हा आकडा देणारे यंत्र म्हणजे ध्वनिमापक, अर्थात साउंड लेव्हल मीटर. शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी परीक्षेचा हंगाम आणि लग्नसराई एकाच वेळी येतात. म्हणून हा विषय आपणा विद्यार्थ्यांच्या फार जवळचा आहे. परंतु कापसाच्या काट्याला जो प्रश्न आपण सहज विचारतो, तो आवाजाच्या काट्याला क्वचितच विचारतो. हा काटा खरा कशावरून? प्रस्तुत लेखात ह्या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. लेखकाप्रमाणेच वाचकही कला शाखेचे आहेत हे ध्यानात घेऊन गणित बेताचेच ठेवले आहे.

डेसिबेलचे गणित

आवाज म्हणजे हवेच्या दाबात होणारे सूक्ष्म चढउतार. निरोगी कानाला जेमतेम ऐकू येईल असा दाब २० मायक्रोपास्कल, म्हणजे एका पास्कलचा पन्नास हजारावा भाग, इतका धरला जातो. ह्या पायाला शून्य डेसिबेल म्हणतात. दाब एक पास्कल झाला की आकडा ९४ डेसिबेलवर जातो. ही ९४ ची संख्या वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

डेसिबेलची बेरीज रुपयांच्या बेरजेसारखी नसते. ७० डेसिबेल आवाज करणारे दोन सारखे भोंगे एकत्र वाजविले तर १४० होत नाहीत, ७३ होतात. म्हणजे आकडा ३ ने वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि १० ने वाढला की दसपट होते. ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. यंत्र दीड-दोन डेसिबेलने चुकले तर ती चूक दिसावयास किरकोळ वाटते, पण १.६ डेसिबेलची चूक म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात सुमारे ४५ टक्क्यांची चूक होय. शंभर किलो कापूस एकशे पंचेचाळीस किलो दाखविणारा काटा कोणी बाजारात ठेवू देईल काय?

शिवाय मनुष्याचा कान सर्व स्वर सारख्याच तीव्रतेने ऐकत नाही. ढोलाचा खोल ठोका त्याला कमी भासतो, तर शिट्टी अधिक बोचते. म्हणून यंत्रात 'ए' नावाची चाळणी बसविलेली असते. सेकंदाला १००० कंपनांचा स्वर ती आहे तसा मोजते, १०० कंपनांच्या स्वरातून सुमारे १९ डेसिबेल वजा करते आणि ६३ कंपनांच्या स्वरातून सुमारे २६ वजा करते. ह्या चाळणीतून आलेल्या आकड्याला डेसिबेल (ए) म्हणतात. आपल्या नियमांतील मर्यादा ह्याच मापात दिल्या आहेत.

नियम आणि आकडा

केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम २००० साली लागू केले. त्यांनुसार निवासी क्षेत्रात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबेल (ए) ही मर्यादा आहे. व्यापारी क्षेत्रात ती ६५ व ५५, औद्योगिक क्षेत्रात ७५ व ७०, तर शासनाने अधिसूचित केलेल्या शांतता क्षेत्रात ५० व ४० अशी आहे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा आवाज १० डेसिबेल किंवा त्याहून अधिक वाढला तर नागरिकाला तक्रार करता येते. रात्रीच्या बंधनांचा भंग झाला तरी तक्रार करता येतेच. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाविषयी विस्तृत निकाल दिला. पुढे ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर ह्यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक ह्यांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल देताना पोलिसांना ध्वनिमापक यंत्रे पुरविण्याचे आदेश राज्य शासनाला दिले. यंत्रावाचून नियम म्हणजे मापाशिवाय दुकान, हे न्यायालयाने ओळखले होते.

पण यंत्र हाती आले म्हणजे काम संपले असे नाही. एक उदाहरण घेऊ. निवासी वस्तीत दिवसा मोजणी केली आणि आकडा आला ६६. मर्यादा ५५, अधिक १०, म्हणजे ६५. भंग झाला असे वरकरणी दिसते. परंतु तेच यंत्र १.६ डेसिबेल जास्त दाखविणारे असेल तर खरा आवाज ६४.४ होता आणि वाद्यवाल्यावर विनाकारण बालंट आले. उलट दुसरे यंत्र १.६ कमी दाखविणारे असेल तर त्याने ६४ दाखविलेला आवाज प्रत्यक्षात ६५.६ होता, आणि आजारी वृद्धाची किंवा अभ्यास करणाऱ्या मुलीची रास्त तक्रार फेटाळली गेली. अन्याय दोन्हीकडे होऊ शकतो. म्हणून यंत्राची पारख ही केवळ शास्त्रज्ञांची हौस नव्हे, ती न्यायाची पहिली पायरी आहे. प्रकरण न्यायालयात गेले तर बचावाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील की, हे यंत्र शेवटचे कोणी, केव्हा आणि कशाशी ताडून पाहिले?

यंत्र चुकते कोठे?

ध्वनिमापकाच्या टोकाशी असलेला मायक्रोफोन हा त्याचा प्राण होय. त्यात ढोलाच्या कातड्यासारखा ताणलेला अतिशय पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने तो हलतो आणि त्या हालचालीचे विजेच्या सूक्ष्म स्पंदनांत रूपांतर होते. पुढचे विद्युतमंडल ती स्पंदने वाढविते, 'ए' चाळणीतून काढते, त्यांची सरासरी करते आणि आकडा दाखविते. ह्यांत विद्युतमंडल सहसा दगा देत नाही. दगा देतो तो मायक्रोफोन. धूळ, दमट हवा, हातातून पडणे, वर्षानुवर्षांचे वापरणे ह्यांनी पडद्याचा ताण बदलतो आणि यंत्र बाहेरून जसेच्या तसे दिसत असूनही आतून बदललेले असते. पडद्यावरचा आकडा मात्र पूर्वीइतक्याच ठामपणे झळकत राहतो.

ध्वनिमापकांसाठी आय.ई.सी. ६१६७२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या पहिल्या भागाचा भारतीय अवतार म्हणजे आय.एस. १५५७५, भाग १. ह्या मानकाने यंत्रांचे दोन वर्ग केले आहेत. मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे १००० कंपनांच्या स्वराला पहिल्या वर्गाच्या यंत्राला ०.७ आणि दुसऱ्या वर्गाच्या यंत्राला १.० डेसिबेल इतकी अधिक-उणी सूट आहे. ८००० कंपनांच्या उंच स्वराला दुसऱ्या वर्गाची सूट ५ डेसिबेलपर्यंत जाते. ज्या स्वस्त यंत्रावर कोणत्याही मानकाचा वा वर्गाचा उल्लेख नाही, त्याला अशी कोणतीच मर्यादा बांधलेली नसते.

दिल्लीपर्यंतची साखळी

काट्याची तपासणी प्रमाणित वजनांनी होते, ती वजने त्यांहून अचूक वजनांशी ताडलेली असतात, आणि असे करत करत आपण राष्ट्रीय मानकापर्यंत पोहोचतो. आवाजाचेही तसेच आहे. आपल्या देशातील मापनाची मानके नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जतन केली जातात. ह्या संस्थेची पायाभरणी ४ जानेवारी १९४७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली, २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेलांनी तिचे उद्घाटन केले आणि डॉ. के. एस. कृष्णन हे तिचे पहिले संचालक होते.

येथे चौकस वाचक विचारील की, सर्वांत वरचे मानक कशाशी ताडतात? एक किलो वजन हातात धरता येते. एक पास्कल आवाज धरून कपाटात कसा ठेवणार? ह्यावर काढलेली युक्ती मोठी सुंदर आहे. काही मायक्रोफोन उलटेही वापरता येतात. आवाज दिला तर वीज देतात आणि वीज दिली तर आवाज करतात. असे तीन मायक्रोफोन घेतात. एका छोट्या बंद पोकळीत दोन-दोन समोरासमोर ठेवून एकाला बोलता करतात आणि दुसऱ्याला ऐकता. प्रत्येक जोडीतून दोघांच्या संवेदनशीलतेचा गुणाकार मिळतो. समजा, पहिल्या व दुसऱ्याचा गुणाकार ६, पहिल्या व तिसऱ्याचा ८, आणि दुसऱ्या व तिसऱ्याचा १२ आला. मग ६ ला ८ ने गुणून १२ ने भागले की ४ उरतात. ते पहिल्याचे वर्ग होत. म्हणजे पहिला २, दुसरा ३ आणि तिसरा ४. कोणत्याही चौथ्या आवाजाची साक्ष न काढता तिघांची किंमत ठरली! मोजावे लागले ते केवळ विजेचे दाब, पोकळीचे आकारमान, हवेचा दाब अशा गोष्टी, ज्यांची मानके आधीच सिद्ध आहेत. ह्या पद्धतीला व्युत्क्रम पद्धती म्हणता येईल.

असे ठरविलेले प्रमाण मायक्रोफोन साखळीच्या माथ्याशी असतात. त्यांच्या खालोखाल ठिकठिकाणच्या अंशशोधन प्रयोगशाळा येतात. अंशशोधन म्हणजेच ज्याला आपण रोजच्या बोलण्यात कॅलिब्रेशन म्हणतो ते. ह्या प्रयोगशाळांची पात्रता पारखून मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ 'एन.ए.बी.एल.' ह्या नावाने ओळखले जाते आणि ही पारख आय.एस.ओ./आय.ई.सी. १७०२५ ह्या मानकानुसार होते. मात्र प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे एवढ्यावर समाधान मानू नये. मान्यता ठरावीक मापांपुरती असते. एखादी प्रयोगशाळा तापमापकांसाठी मान्य असेल आणि ध्वनीसाठी नसेल. तिच्या मान्यतेच्या यादीत ध्वनिपातळीचा उल्लेख आहे की नाही, हे यंत्र पाठविण्यापूर्वीच पाहावे.

तपासणीत काय होते?

यंत्र पाठविताना मायक्रोफोन, जागेवर तपासण्याचा कॅलिब्रेटर आणि माहितीपुस्तिका ही सर्व एकत्र पाठवावीत. मायक्रोफोन घरी ठेवून नुसती पेटी पाठविणे म्हणजे तराजूचे पारडे घरी ठेवून दांडी तपासून आणणे होय. सर्वांचे अनुक्रमांक पत्रात लिहावेत आणि आय.ई.सी. ६१६७२ च्या तिसऱ्या भागातील नियतकालिक चाचण्या हव्यात असे स्पष्ट मागावे. त्याचप्रमाणे यंत्र ज्या स्थितीत आले त्या स्थितीतील आकडे आधी नोंदवा आणि मगच ते जुळवा, अशीही विनंती करावी. कारण मागच्या वर्षभर त्या यंत्राने घेतलेल्या नोंदी कितपत विश्वसनीय होत्या, हे केवळ त्या पहिल्या आकड्यांवरूनच कळते.

प्रयोगशाळेत २० ते २६ अंश सेल्सिअस तापमानात काम चालते. निरनिराळ्या उंचीचे स्वर देऊन 'ए' चाळणी बरोबर वजाबाकी करते की नाही ते पाहतात. आवाज टप्प्याटप्प्याने वाढवून आकडाही त्याच प्रमाणात वाढतो का, हे तपासतात. क्षणभराचा आवाज देऊन यंत्राची चपळाई जोखतात. उदाहरणार्थ, ४००० कंपनांचा स्वर सेकंदाच्या पाचव्या भागापुरताच दिला तर 'फास्ट' मोजणीत आकडा सलग स्वरापेक्षा १ डेसिबेल कमी यावयास हवा. पूर्ण शांततेत यंत्राचा स्वतःचा कुजबुजाट किती, आणि आवाज झेपेनासा झाला तर ते तशी सूचना देते का, ह्याही चाचण्या असतात.

प्रमाणपत्र कसे वाचावे?

प्रमाणपत्र मिळाले की ते फाइलीत लावून टाकण्याची आपली सवय असते. वास्तविक प्रमाणपत्र 'यंत्र बरोबर आहे' एवढेच सांगत नाही. ते 'यंत्र किती चुकते' हे सांगते. म्हणून ते वाचावयाचे असते. प्रथम अनुक्रमांक आपल्याच यंत्राचा व मायक्रोफोनचा आहे ना ते पाहावे. मान्यतेचे चिन्ह, तपासणीची तारीख, आणि कोणत्या प्रमाण साधनाशी ताडले त्याचा उल्लेख पाहावा. मग तक्त्याकडे वळावे. प्रत्येक स्वराला खरे मूल्य, यंत्राने दाखविलेले मूल्य आणि दोहोंतील फरक दिलेला असतो. शेवटी 'अनिश्चितता' नावाचा रकाना असतो. प्रयोगशाळेलाही स्वतःच्या मोजणीची किती खात्री आहे, त्याची ती प्रामाणिक कबुली होय. ज्या प्रमाणपत्रात ही कबुली नाही, त्याचे मोल कमी समजावे.

प्रमाणपत्र किती दिवस चालते, हा नेहमीचा प्रश्न. पुढील तपासणी केव्हा करावी हे प्रयोगशाळेने ग्राहकाशी ठरल्याशिवाय लिहावयाचे नसते, कारण यंत्र किती वापरले जाणार आणि कसे सांभाळले जाणार हे तिला ठाऊक नसते. ती जबाबदारी वापरणाऱ्याची आहे. सर्वसाधारणपणे वर्षाने वा दोन वर्षांनी तपासणी करून घेतात. पण प्रमाणपत्र हातात आल्यावर दुसऱ्याच दिवशी यंत्र जीपमधून खाली पडले तर ते प्रमाणपत्र त्याच दिवशी संपले, असे समजावे.

जागेवरची खातरजमा आणि खानदेशचे ऊन

म्हणूनच दोन तपासण्यांच्या मधल्या काळासाठी कॅलिब्रेटर हवा. हे मुठीत मावणारे साधन मायक्रोफोनवर टोपीसारखे बसवितात. ते १००० कंपनांचा, ९४ डेसिबेलचा स्थिर स्वर काढते. काहींत ११४ डेसिबेलचीही सोय असते. ९४ म्हणजे एक पास्कल, हे आपण वर पाहिलेच. मोजणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा ही ताडणी करावी. दोन्हींत अर्ध्या डेसिबेलपेक्षा अधिक फरक आढळला तर मधली मोजणी बाद समजावी, असा संकेत आहे. पिस्टनफोन नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या साधनाचा आवाज हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो. तापीकाठी जुळविलेला पिस्टनफोन तोरणमाळच्या पठारावर नेला तर तो सुमारे एका डेसिबेलने कमी आवाज देईल. तेव्हा त्याला वायुभारमापकाची जोड लागते.

आता आपल्या भागाची खास अडचण. मानकाप्रमाणे दुसऱ्या वर्गाच्या यंत्राची हमी ० ते ४० अंश सेल्सिअसपर्यंतच असते. पहिल्या वर्गाची हमी उणे १० ते ५० अंशांपर्यंत जाते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० च्या वर चढतो आणि नेमक्या त्याच दिवसांत लग्नसराई भरात असते. अशा दुपारी दुसऱ्या वर्गाच्या यंत्राने घेतलेली नोंद, चालू प्रमाणपत्र असूनही, हमीच्या बाहेर जाते. प्रयोगशाळेच्या गार खोलीत मिळालेले प्रमाणपत्र बुराई नदीकाठच्या रखरखीत दुपारचे उत्तर देऊ शकत नाही. ह्यावर उपाय दोन. खानदेशासाठी यंत्र पहिल्या वर्गाचेच घ्यावे, नाहीतर दुसऱ्या वर्गाच्या यंत्राने ऊन उतरल्यावरच मोजावे. कोणतेही यंत्र तापलेल्या गाडीत मात्र ठेवू नये. नोंदवहीत तापमानाचा एक रकाना असावा.

प्रमाणपत्राच्या पलीकडे

अचूक यंत्रही चुकीच्या हाती चूकच सांगते. भिंतीला चिकटून मोजले तर परावर्तित आवाज मिसळतो, स्पंजाची टोपी न लावता वाऱ्यात मोजले तर वाराच मोजला जातो. आणखी एक मर्यादा आहे. वरातीतील डीजेचा आवाज प्रामुख्याने खोल ठोक्यांचा असतो आणि 'ए' चाळणी नेमका तोच वजा करते. खिडकीची तावदाने थरथरतात, छातीत धडधडते, तरी आकडा अपेक्षेइतका चढत नाही. हा यंत्राचा दोष नव्हे, निवडलेल्या मापाचा परिणाम आहे. तेथे 'सी' चाळणीची नोंदही सोबत घेतली तर चित्र स्पष्ट होते, कारण ती ६३ कंपनांच्या स्वरातून एक डेसिबेलदेखील वजा करीत नाही.

मोबाइलवर आवाज मोजणारी ॲप आता सर्वांजवळ असतात. कुतूहलापुरती ती ठीक आहेत. पण मोबाइलचा मायक्रोफोन मनुष्याचे बोलणे टिपण्यासाठी केलेला असतो. मोठा आवाज तो आपोआप दाबतो आणि त्याच्यावर कॅलिब्रेटरची टोपी बसत नाही. त्याच्या आकड्याला साखळी नाही, म्हणून त्याला साक्षीदाराची जागा देता येत नाही.

पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पासाठी आपल्यापैकी अनेकांना कधी ना कधी बसस्थानक, रेल्वे स्टेशन, बाजारपेठ अशा ठिकाणी आवाज मोजावा लागेल. तेव्हा तक्त्याच्या वर चार ओळी अवश्य लिहाव्यात. यंत्राचा वर्ग व अनुक्रमांक, प्रमाणपत्राचा क्रमांक व तारीख, मोजणीच्या आधीची व नंतरची ताडणी, आणि त्या वेळचे तापमान. ह्या चार ओळी नसतील तर खालचे शंभर आकडे केवळ ऐकीव ठरतात. त्या असतील तर महाविद्यालयाच्या प्रकल्पातला आकडाही नगरपंचायतीच्या किंवा न्यायालयाच्या टेबलावर मान वर करून उभा राहू शकतो.

शाळेची पायरी न चढलेला आपला शेतकरीदेखील शिक्का पाहिल्याशिवाय काट्यावर माल चढवू देत नाही. आपण तर पदवीचे विद्यार्थी आहोत. कोणी आवाजाचा आकडा सांगितला तर तो मान्य किंवा अमान्य करण्यापूर्वी त्याच्या काट्याचा शिक्का मागावा, आणि आपण आकडा सांगितला तर न मागता दाखवावा.